पाव सेकंदही न टिकलेली गोष्ट

पोरांनो, १४ सप्टेंबर २०१५ला सोमवार होता. गणपती तीन दिवसांवर आले होते, बाजारात मखरं मांडली होती. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तुम्ही, मी, हे घर, समोरची टेकडी, अख्खी पृथ्वीच एका दिशेने किंचित ताणली गेली आणि दुसऱ्या दिशेने किंचित आवळली गेली. मग उलट. असं भराभर काही वेळा झालं आणि पाव सेकंदाच्या आत संपलंही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

झालं असं, की १३० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर ना झाड ना मासा अशा काळात, फार दूर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत होती. एक सूर्याच्या ३६ पट वजनाचं, दुसरं २९ पट. फिरता फिरता ती जवळ आली, शेवटी प्रकाशाच्या निम्म्या वेगाने गरगरली आणि एक झाली. ३६ आणि २९ किती? ६५. पण उरलं ६२ सूर्यांचं विवर. मधले तीन सूर्य गेले कुठे? त्यांची ऊर्जा झाली आणि ती अवकाशालाच ताणत-आवळत चहूकडे निघाली. ह्या गुरुत्वीय लहरी.

असं घडू शकेल हे आइन्स्टाइनने १९१६मध्येच कागदावर मांडलं होतं. गंमत म्हणजे वीस वर्षांनी त्यालाच शंका आली. १९३६मध्ये त्याने रोझन नावाच्या सहकाऱ्याबरोबर निबंध लिहिला, की अशा लहरी नसतातच! अमेरिकेतल्या एका नियतकालिकाने तो दुसऱ्या तज्ज्ञाला तपासायला दिला, तज्ज्ञाने चूक दाखवली आणि आइन्स्टाइन महाशय रागावले. छापायला दिला होता, तपासायला नाही, असं कळवून त्यांनी निबंध परत मागवला. पुढे चूक पटली, निबंध बदलला आणि दुसरीकडे छापला. मला हा प्रसंग फार आवडतो. गणितापुढे आइन्स्टाइनचीही वट चालत नाही.

तर लहरी आहेत, पण मोजायच्या कशा? इथे इंजिनिअर मंडळी पुढे आली. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन अशा दोन ठिकाणी, एकमेकांपासून ३,००० किलोमीटरवर, त्यांनी लायगो नावाची दोन यंत्रं उभी केली. प्रत्येकाला ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, एकमेकींशी काटकोनात. लेसरचा झोत दुभागून दोन्हींत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि पुन्हा एकत्र करायचा. भुजा जिथल्या तिथे असतील तर दोन्ही झोत एकमेकांना पुसून टाकतात. एखादी जराशी लांबली की उजेड झिरपतो.

४ किलोमीटर सरळ नळी टाकायची म्हणजे पृथ्वी गोल आहे ह्याचाही हिशेब ठेवावा लागतो. तेवढ्या अंतरात जमीन मीटरभराहून जास्त खाली वळते, ती उणीव काँक्रीटने भरून काढावी लागली. नळीतली हवा इतकी उपसलेली, की आतला दाब बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटी भागांपैकी एक भाग. आरसे ४० किलोचे, काचेच्याच धाग्यांवर टांगलेले. धाग्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी.

एवढा खटाटोप का? कारण त्या सोमवारी ४ किलोमीटरची भुजा जेवढी बदलली, ते अंतर अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही शेकडो पट लहान होतं.

अशा यंत्राला मग जगातला प्रत्येक धक्का कळतो. लांबच्या समुद्राच्या लाटा, हमरस्त्यावरचे ट्रक, जंगलात पडणारी झाडं. २०१७च्या उन्हाळ्यात हॅनफर्डला एक वेगळीच खुटखुट नोंदली जाऊ लागली. शोध घेतला तर बाहेरच्या थंड नळ्यांवर बर्फ साचलेला आणि त्यावर डोमकावळ्यांच्या चोचींच्या खुणा! पुढे त्यांना टोच्या मारताना पकडलंही. पहिलीतला तहानलेला कावळा असा थेट विश्वाच्या संशोधनात घुसला. नळ्यांचा बंदोबस्त केला, खुटखुट थांबली.

आता खरी मेख बघा. एवढ्या गोंगाटात लहर ओळखायची कशी? जत्रेत कितीही कल्ला असला तरी आईची हाक तुम्हाला बरोबर ऐकू येते, कारण तो आवाज तुम्हाला आधीपासून ठाऊक असतो. तसंच इथे. दोन विवरं जवळ येताना लहरींचा सूर कसा चढत जाईल, हे आधी गणिताने काढून ठेवायचं आणि मग नोंदींत तोच सूर हुडकायचा. पुण्याच्या आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश ह्यांनी असे नमुने कसे निवडावेत ह्याचं काम १९९१मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा लायगोची पहिली वीटही रचली गेली नव्हती. लोकांनी विचारलं असेलच, ह्याचा उपयोग काय? २०१५मध्ये सुमारे अडीच लाख नमुने नोंदींशी ताडून पाहिले जात होते.

हे नमुने तरी सहज मिळाले का? छे. दोन विवरं एकमेकांत मिसळतात त्या क्षणासाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं नेटकं उत्तर कुणालाच काढता आलेलं नाही. संगणकाने अंदाजे सोडवावं म्हटलं तर आकडे फुगून आज्ञावली कोलमडायची. २००५मध्ये पहिल्यांदा तो हिशेब तडीला गेला.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, संख्याशास्त्राचा. १९६९मध्ये जोसेफ वेबर नावाच्या हुशार, कष्टाळू शास्त्रज्ञाने लहरी सापडल्याचं जाहीर केलं होतं. अॅल्युमिनियमची मोठाली नळकांडी, दोन दूरच्या ठिकाणी, दोन्हींत एकाच वेळी हालचाल. इतरांनी तशीच नळकांडी बनवली, त्यांना काहीच मिळेना. पुढे वेबरने दुसऱ्या एका प्रयोगशाळेच्या नोंदींशी आपल्या नोंदी जुळतात असं दाखवलं आणि नंतर कळलं, की दोन्हींच्या घड्याळांत चार तासांचा फरक होता. म्हणजे एकाच वेळी न घडलेल्या गोष्टीही ‘जुळल्या’ होत्या! शोधायचंच ठरवलं की माणसाला काहीही सापडतं.

लायगोवाल्यांनी हीच गोष्ट मुद्दाम केली. एका यंत्राची नोंद थोडी पुढेमागे सरकवायची आणि दुसरीशी जुळवायची. आता जे जुळेल ते निव्वळ योगायोगाने, कारण लहर एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जायला फार तर सेकंदाचा शंभरावा भाग घेते. असं सरकवत सरकवत सोळा दिवसांच्या नोंदींतून त्यांनी लाखो वर्षांचे योगायोग तपासले. त्या सोमवारच्या थरथरीएवढा मोठा योगायोग एकदाही दिसला नाही. असा योगायोग २,०३,००० वर्षांत एकदा घडला तर घडेल, त्याहून वरचेवर नाही, असं त्यांनी लिहिलं. थरथर आधी लिव्हिंग्स्टनला आणि ७ सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला पोचली होती. तरीही बातमी फुटू न देता पाच महिने पडताळणी केली आणि ११ फेब्रुवारी २०१६ला जाहीर केलं. आजकाल व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या शोधांना एवढी कळ निघत नाही.

आणि ह्या लहरींवरून अख्ख्या विश्वाबद्दल काय कळतं? १७ ऑगस्ट २०१७ला दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याची लहर आली आणि पावणेदोन सेकंदांत त्याच धडकेचे गॅमा किरणही. दुर्बिणींनी ती जागा शोधली. पुढे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही तिथले रेडिओ तरंग टिपले. लहर किती जोरात आली ह्यावरून अंतर कळलं, ती धडक ज्या दीर्घिकेत झाली तिच्या प्रकाशावरून तिचा वेग. दोन्ही मिळून विश्व किती वेगाने फुगतंय ते निघालं. ह्या आकड्यावरून एक जुनं भांडण आहे. विश्वाच्या बाळपणीचा प्रकाश मोजणारे म्हणतात ६७, जवळचे तारे मोजणारे म्हणतात ७३. लहरींनी सांगितलं साधारण ७०, पण त्यात चूकभूल एवढी, की दोन्ही पक्ष खूश. भांडण तसंच राहिलं.

ते मिटवायचं तर अशा कितीतरी धडका पकडायला हव्यात, त्या आकाशात नेमक्या कुठे झाल्या हे कळायला हवं आणि त्यासाठी यंत्रं एकमेकांपासून लांब हवीत. म्हणून तसंच एक यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहतंय. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं म्हणतात ना, तेच औंढा. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

आरशांवरच्या मुलाम्यातले अणू उष्णतेने स्वतःच थरथरतात, ती थरथर कमी कशी करायची, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. ६७ की ७३, तेही नाही. औंढ्याचं यंत्र चालू होईल तेव्हा तुमच्यातले काही कॉलेजात असतील. गणित आवडत असेल तर उत्तम, नसेल तर लेथ मशीन, संगणक, आकडेमोड, जे जमेल ते घेऊन जा. तिथे सगळ्यांना काम आहे.