विश्लेषण : कोल्हापूरचा कार्बन नेमका कोणाच्या हद्दीत?

कोल्हापूरची हद्दवाढ हा विषय गेली पन्नास वर्षे गाजतो आहे. घरफाळा, पाणी, शेतजमिनी यांभोवती फिरणाऱ्या या वादाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे हवामान बदलाची. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करायचे तर आधी ते मोजावे लागते आणि मोजायला बसले की पहिला प्रश्न तोच येतो : हद्द कोणती?

शहराचा स्वतंत्र हिशेब का अपुरा?

नगरपालिकेची महापालिका झाली 15 डिसेंबर 1972 रोजी. हद्द मात्र तेव्हाची तशीच राहिली, सुमारे 66.82 चौरस किलोमीटर. 2011च्या जनगणनेनुसार त्यात साडेपाच लाखांच्या आसपास लोक राहत होते. दरम्यान उद्योग शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींत वाढले आणि वस्ती उचगाव, पाचगाव, कळंब्याकडे सरकली. शहरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत उत्सर्जनाचे तीन भाग करतात. हद्दीत जाळलेले इंधन पहिल्या भागात येते, बाहेरून आणून वापरलेली वीज दुसऱ्यात आणि शहराच्या कामासाठी हद्दीबाहेर झालेले उत्सर्जन तिसऱ्यात. तिसरा भाग मोजायला सर्वांत अवघड, म्हणून तो बहुधा अर्धवट राहतो. मुंबईने 2022मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला, त्यात 2019चे उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन धरले आहे. तिथे एकाच मोठ्या महापालिकेचा हिशेब मांडायचा होता. कोल्हापूरने फक्त आपल्या हद्दीपुरता आराखडा केला तर फाउंड्रीच्या भट्ट्या कागदावरून गायब होतील आणि शहर आहे त्याहून स्वच्छ दिसेल.

जिल्ह्यात उत्सर्जन होते कुठून?

कोक जाळणाऱ्या क्युपोला भट्ट्या, इचलकरंजीतील सायझिंग व प्रोसेसचे बॉयलर आणि वाहने हे उघड स्रोत. कोल्हापूरचा खरा वेगळेपणा शेतीत आहे. म्हशीच्या रवंथातून मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. उसाला घातलेल्या युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड तर सुमारे 265 पट. साखर कारखान्यात जळणाऱ्या बगॅसचा कार्बन डायऑक्साइड मात्र वेगळा नोंदवतात, कारण तो उसाने हवेतूनच घेतलेला असतो. म्हणून सहवीजनिर्मितीला हरित म्हणता येते. पण त्याच उसाचा युरिया, पाण्याच्या मोटारीची वीज, फडात पेटवलेले पाचट आणि ट्रॅक्टरचे डिझेल हिशेबातून सुटत नाहीत. यातले जवळपास काहीही महापालिकेच्या अखत्यारीत नाही.

केएमटीचे उदाहरण काय सांगते?

हद्दवाढीचा वाद पेटला की ‘विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा’ अशी मागणी शहरातून होते. तिचा साधा हिशेब करून पाहू. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा 2.3 किलो. लिटरला चार किलोमीटर चालणारी बस किलोमीटरमागे 675 ग्रॅम सोडते. लिटरला पन्नास धावणारी दुचाकी सोडते 46 ग्रॅम. म्हणजे दुचाकीवर एकेकटे गेले असते असे पंधराहून अधिक प्रवासी बसमध्ये असले, की बस सरस ठरते. चाळीस जण असतील तर उत्सर्जन जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. गावची भरलेली बस बंद झाली तर ते चाळीस जण दुचाकी काढून शहरातच येणार. धूर राजारामपुरीत होईल आणि गर्दी दसरा चौकात. रिकामी धावणारी बस मात्र दुचाकीपेक्षा वाईट, हेही मान्य करायला हवे. त्यामुळे कोणता मार्ग ठेवायचा हे प्रवासीसंख्येवर ठरावे, ग्रामपंचायतीच्या ठरावावर नव्हे.

प्रादेशिक यंत्रणा आहे का?

कागदावर आहे. हद्दवाढीला पर्याय म्हणून 2017मध्ये करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील 42 गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरण आले ते बांधकाम परवान्यापुरतेच, अशी गावकऱ्यांची तक्रार आहे. शिवाय इचलकरंजी त्यात नाही. 2022पासून ती स्वतंत्र महापालिका आहे. राज्य सरकारने 2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू केलेल्या माझी वसुंधरा अभियानात गावे आणि शहरे यांना वेगवेगळे गुण मिळतात. चुरशीला ते ठीक आहे, पण शेजाऱ्याबरोबर मिळून काम करण्याचे त्यात फारसे कारण उरत नाही.

गावांची भीतीही खोटी नाही. हद्दीत गेले की घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षण पडेल, ग्रामपंचायत जाईल आणि सुविधा येतील तेव्हा येतील, हे त्यांचे म्हणणे शहराने कधी नीट खोडून काढलेले नाही.

एकत्र न आल्यास काय होते?

याचे उत्तर पंचगंगेने आधीच दिले आहे. शहराचे सांडपाणी, गावांचे नाले, कारखान्यांचे पाणी, यात दोष कोणाचा यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि 2012मध्ये खालच्या बाजूच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली. 2019 आणि 2021च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 55 फुटांवर गेले. धोक्याची पातळी 43 फूट आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळूरु महामार्ग बंद पडला तेव्हा अडकलेल्या ट्रकांत हद्दीतले आणि हद्दीबाहेरचे असा भेद नव्हता. उत्सर्जन कोल्हापूरने घटवले म्हणून पूर थांबणार नाहीत, हेही खरे. ती जागतिक गोष्ट आहे. स्थानिक फायदा इंधनाच्या बचतीचा आणि स्वच्छ हवेचा. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत कोल्हापूर आहेच.

इतरत्र कसे जमले?

इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात, म्हणून खऱ्या मँचेस्टरकडे पाहू. तिथे दहा नगर परिषदा विलीन झाल्या नाहीत. 2011मध्ये त्यांनी संयुक्त प्राधिकरण केले आणि 2038पर्यंत कार्बनतटस्थ होण्याचे सामाईक लक्ष्य ठेवले. 2023 ते 2025 या काळात तीन टप्प्यांत बससेवेचे नियंत्रण एकत्रितपणे आपल्याकडे घेतले. तिथल्या प्राधिकरणाकडे पैसा आणि अधिकार आहेत, हा मोठा फरक.

मग सुरुवात कुठून?

हद्दवाढीच्या निकालासाठी थांबण्याची गरज नाही. बसमार्ग, कचरा प्रक्रिया आणि फाउंड्रीच्या भट्ट्या हे तीन विषय सामाईक हिशेबात घेता येतील. त्यातला कचरा सर्वांत निकडीचा, कारण कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरचा ढीग शहराचा असला तरी शहरालगतच्या गावांनाही कचरा टाकायला जागा नाही आणि कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेनच निघतो. हिशेबाची आकडेवारी बरीचशी तयारही असते : विजेची युनिट महावितरणकडे, डिझेल-पेट्रोलची विक्री तेल कंपन्यांकडे, जनावरांची संख्या पशुगणनेत. महावितरणचे उपविभाग तर महापालिकेची हद्द पाहून आखलेले नाहीत.