निगडी प्राधिकरण: बंगल्यांची वसाहत आता मजले चढतेय

पिंपरी-चिंचवडमध्ये घर शोधताय? मग एकदा प्राधिकरण पायी फिरा. इथल्या कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. प्लॉट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिले गेले. पत्ता आजही सेक्टर नंबरनं सांगतात. रुंद रस्ते, भरपूर झाडी आणि सकाळ-संध्याकाळ दुर्गा टेकडीवर नातवंडांमागे धावणारे आजी-आजोबा! २०२१ मध्ये प्राधिकरण ही संस्था विलीन झाली, वसाहतीचं नाव मात्र टिकलं. आता बंगले पाडून इमारती उठताहेत, पार्किंगची बोंब आहेच. पिंपरी ते निगडी या ४.४ किमी मेट्रोला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. मुलं लहान असतील तर माझं मत प्राधिकरणालाच. फक्त व्यवहाराआधी भाडेपट्ट्याचे आणि हस्तांतरणाचे कागद वकिलाकडून तपासून घ्या.