सतरा नातवंडं सोडून

एस्पोला मुलीकडे हिवाळ्यात राहायला गेलं की सकाळ फार लांबते. डिसेंबरात साडेनऊच्या आसपास उजाडतं आणि सव्वातीनला सूर्य मावळतो. फिनलंडचं हे दक्षिण टोक, म्हणजे त्यांच्या दृष्टीने सुखाचा भाग. सहाला जाग आली की मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राही. त्याच सुमारास खाली पार्किंगमध्ये एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ येत. खांबावरच्या पेटीचं झाकण उघडत, गाडीच्या पुढून लोंबणारी वायर तिच्यात खोचत, टायमर फिरवत. इथे कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू करण्याआधी इंजिन तास-दोन तास विजेवर उबवून घेतात, त्यामुळे वायरीचं मला नवल नव्हतं. नवल वयाचं होतं. उणे बावीसमध्ये या इमारतीतली बाकीची म्हातारी माणसं अंथरुणातून हलत नाहीत. आणि हे एकेका सकाळी तीन-तीन गाड्यांच्या वायरी खोचत होते.

लिफ्टमध्ये गाठ पडली तेव्हा त्यांच्या कोटावरची काळी पट्टी वाचता आली. ‘एल्डर’, पुढे आडनाव, खाली चर्चचं लांबलचक नाव. जग या पंथाला मॉर्मन म्हणतं. २०१८ साली त्यांच्या तेव्हाच्या प्रमुखांनी पूर्ण नावच वापरायचा आग्रह धरला, पण त्या नावाला मराठीत अख्खी ओळ लागते, म्हणून मी मॉर्मनच म्हणणार.

त्यांच्या घरी मी गेले ती मात्र वासामुळे. तिसऱ्या मजल्यावर जिन्यात वेलदोडा दरवळत होता. चांगला जाडसर कुटलेला, दुधात उतरलेला वेलदोडा. परदेशात दीड महिना काढलेल्या मराठी बाईला त्या वासापुढे भिडेचं भान राहत नाही. दार उघडलं त्यांच्या बायकोने, हात पिठाने माखलेले. ती पुल्ला करत होती, म्हणजे फिनिश लोकांचा वेलदोडा घातलेला गोड पाव. खालच्या मजल्यावरच्या फिनिश बाईकडून शिकली म्हणाली. मी चहाबद्दल विचारलं, तर चहा नाही. कॉफीही नाही. १८३३ सालच्या एका उपदेशावरून त्यांच्या पंथात दोन्ही वर्ज्य. दोन थेंब व्हॅनिला घालून तिने गरम दूध दिलं.

“आम्हाला सतरा नातवंडं,” बसल्याबसल्या तिने सांगितलं. फ्रिजवर फोटो होते, खाली नावं लिहिलेले.

सतरा. मी एका नातवासाठी सहा हजार किलोमीटरवरून आलेली. ही बाई सतरांना सोडून आलेली. तो आकडा त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा रागही आला.

ते ७२ वर्षांचे, ती ६९ वर्षांची. युटा राज्यात लोगन शहराच्या आसपासचं दुभत्याचं खोरं आहे, तिथले. त्यांचा गोठा होता. ती शाळेत ग्रंथपाल होती. गाई विकल्या, घराची किल्ली मधल्या मुलाकडे दिली आणि दीड वर्षासाठी इकडे आले. घरभाडं, औषधपाणी सगळं स्वतःच्या पैशाने. त्यांच्यात तरुण मुलं अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी अशी बाहेर पडतात. निवृत्त जोडपी त्यानंतरच्या वयात जातात, जमेल तेवढ्या महिन्यांसाठी. देश बहुधा चर्चच ठरवतं. यांना थंडीची सवय होती. अंधाराची नव्हती.

आमच्या मिरज-सांगलीकडे मिशनरी म्हणजे डॉ. वान्लेस. १८९४ साली त्यांनी मिरजेत इस्पितळ काढलं, आणि आमच्या आजीच्या पोटातली गाठ तिथेच निघाली होती. नगरकडे मिशनरी म्हणजे ‘ज्ञानोदय’ नियतकालिक, शाळा, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं घर. त्यामुळे मला वाटलं होतं, हे लोक काहीतरी मोठं करत असतील, निदान दारोदार जाऊन उपदेश तरी. पण फिनलंडमध्ये इमारतीचा मुख्य दरवाजाच कुलूपबंद असतो, आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. दार ठोठावायला आधी दारापर्यंत पोचायला हवं. तरुण मुलं स्टेशनबाहेर उभी राहतात, फुकट इंग्रजी शिकवतात. या दोघांचं काम त्याहून वेगळं: त्या मुलांच्या खोल्या, गाद्या, गाड्या आणि प्रकृती सांभाळणं.

एकदा टाम्परे शहरातल्या मुलांकडे त्यांना जायचं होतं, मला विचारलं, मी गेले. पावणेदोनशे किलोमीटर. हिवाळ्यात हमरस्त्यावरची कमाल वेगमर्यादा ताशी १२० वरून १०० वर येते, आणि आजोबा ८५ ने चालवत होते. टायरमधले खिळे रस्त्यावर कडकडत होते. मागे दोन गाद्या, एक मायक्रोवेव्ह, लोकरी मोज्यांची पिशवी आणि पुल्ल्याचा डबा. गाडीभर वेलदोडा. त्या वासात दोन्ही बाजूंना फक्त बर्फ आणि काळी झाडं पाहत जाणं मला विचित्र वाटत होतं, पण सांगायचं कुणाला?

मुलांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोघे एकोणीस-वीस वर्षांचे, पांढरे शर्ट, टाय, डोळ्यांखाली काळं. बाईच्या हातात छापील यादी होती. धूर ओळखणारं यंत्र चालतंय का, फ्रिज, मोरी, गाद्या. यादीतलं भराभर उरकलं. मग आजोबा न्हाणीघराकडे गेले आणि तिथून त्यांचा आवाज आला. फिनलंडमध्ये पुष्कळ फ्लॅटना स्वतःची छोटी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, असते. मुलांनी तिचं अडगळीचं खोपटं केलं होतं. सौनाच्या विजेच्या शेगडीवर, दगडांच्या वर, दोन सुटकेसा आणि धुवायचे कपडे. चुकून एक बटण फिरलं असतं तर पेट घ्यायला वेळ लागला नसता. इथे अशा आगी लागतात. आजोबांनी एकेक वस्तू उचलून बाहेर ठेवली. मुलांना रागावले नाहीत, शेगडीचा फ्यूज काढून खिशात टाकला. “आता तापणार नाही,” एवढंच म्हणाले. गोठा सांभाळलेला माणूस.

एका मुलाचे बूट शहरी, गुळगुळीत तळाचे. अॅरिझोनाचा होता, बर्फ पहिल्यांदाच पाहत होता. बाईने त्याचं पाऊल हातात घेऊन दाबून पाहिलं, बोटं बधिर होतात का विचारलं, मोजे चढवले, बुटाला बांधायच्या खिळ्यांच्या पट्ट्या दिल्या, बाहीला चमकणारी पट्टी टाचली. अंधारात पायी चालणाऱ्याने अशी पट्टी लावायची, असा इथला कायदाच आहे. मग ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोजून दिल्या. मुलगा पुल्ला खात होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पूर्वी या मुलांना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदा होती, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. तो पोरगा म्हणाला, आईशी बोलणं झालं की रात्र आणखी मोठी वाटते.

येताना मी बोललेच. म्हटलं, हे सगळं तुम्ही तुमच्या सतरांसाठी केलं असतं तर? बाई रस्त्याकडे बघत राहिली. म्हणाली, सतरांपैकी दोघे याच क्षणी ब्राझीलमध्ये आहेत, असेच, काळी पट्टी लावून. त्यांच्याही खोल्या कुणीतरी तपासत असेल.

उत्तर चोख होतं. मला ते पटलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. आपल्या मुलांची मुलं दुसऱ्याने बघायची आणि दुसऱ्यांची आपण, हा हिशेब मधला संस्थेचा पडदा काढला तर कसा दिसतो? संस्था गरीबही नाही. तिच्या गुंतवणुकीची माहिती योग्य प्रकारे उघड केली नाही म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने तिला आणि तिच्या गुंतवणूक कंपनीला मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला. अशा संस्थेसाठी ७२ वर्षांच्या माणसाने गाई विकून, स्वखर्चाने पहाटे सहाला वायरी खोचायच्या? मी हे विचारलं. आजोबा म्हणाले, “त्यातलं मला कळत नाही. गाडी सुरू झाली नाही तर पोरं पायी जातील, ते कळतं.”

ज्या फिनिश शेजारणीकडून बाई पुल्ला शिकली ती दर पंधरवड्याला त्यांना बोलावते. जगात सगळ्यात जास्त कॉफी रिचवणाऱ्यांत फिनिश माणसं पहिल्या रांगेत आहेत. पाहुण्याने कॉफीला नाही म्हणणं म्हणजे आपल्याकडे दारातूनच परत फिरण्यासारखं. तरी तिने या दोघांसाठी ब्लॅककरंट नावाच्या काळ्या फळांचं गरम सरबत करायचा रिवाज पाडला आहे. ती ल्यूथरन, देशातल्या बहुसंख्य लोकांसारखी, आणि त्यांच्याचसारखी चर्चमध्ये क्वचित जाणारी. तिची आत्या मिशनरी नर्स होती, आफ्रिकेत, आजच्या नामिबियाच्या उत्तरेला. तिथे १८७० पासून फिनिश मिशनरी जात होते. “आम्ही माणसं पाठवायचो, आता आमच्याकडे पाठवतात,” असं म्हणून ती तोंडावर हात धरून हसली. धर्माचा विषय त्या टेबलावर निघालेला मी ऐकला नाही. गुडघे, बर्फ काढणाऱ्या पालिकेच्या गाड्या, मुलांची लग्नं.

त्यांचं मोठं मंदिर एस्पोतच आहे, काराकाल्लिओ भागात, २००६ साली उघडलेलं. कळसावर सोनेरी पुतळा. आत फक्त पात्र ठरलेल्या सभासदांना प्रवेश, म्हणून मी बाहेरून पाहिलं. पण बुधवारी संध्याकाळी शेजारच्या सभागृहात बाई बसते तिथे कुणीही जाऊ शकतं. ती लोकांना पूर्वज शोधून देते. बाईचा खरा जीव तिथे. फिनलंडच्या चर्चवह्या फार चिकाटीने ठेवलेल्या. जन्म, लग्न, मृत्यू, शिवाय कोणाला वाचता येतं आणि धर्मपाठ कितपत येतो याच्याही खुणा. दुसऱ्या महायुद्धानंतर या वह्यांचे फोटो घ्यायला जे पुढे आले त्यांत मॉर्मन होते. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खणून त्यांनी जगभरातल्या अशा फिल्मा ठेवल्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळीच्या वह्यासुद्धा १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी टिपल्या.

यामागचा हेतू मला अडतो. मेलेल्या पूर्वजाच्या नावाने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घ्यायचा आणि त्याला परलोकात निवड करायची संधी द्यायची, अशी त्यांची श्रद्धा. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावंही कुणीकुणी त्यात घातली होती. त्यावरून वादळ झालं आणि १९९५ साली चर्चने ज्यू संघटनांशी करार करून ती काढायचं मान्य केलं. मी बाईला सरळ म्हटलं, माझ्या पणजोबांना बुडवायचं नाही. ती म्हणाली, तुझे पणजोबा, तुझा अधिकार, नियमही तोच आहे. पण नावं तरी लिहून ठेव.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आमच्या घराण्याची नामावळ आहे, हे मी तिला सांगून चुकले होते. तेव्हापासून ती माझी वाटच पाहत होती. मुलीने फोनवर त्या पानाचे फोटो मागवले. मोडी, मग देवनागरी, कोण कोणाचा मुलगा, कोणाबरोबर आला. बाईने चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक नाव मला मोठ्याने म्हणायला लावलं. विठ्ठल तिला तिसऱ्या प्रयत्नात जमलं. सहा पिढ्या आम्ही पडद्यावरच्या चौकटींत भरल्या, आणि प्रत्येक चौकटीशेजारी एक चौकट रिकामी राहत होती.

“आणि यांच्या आया?”

आमच्या पानावर बायका नव्हत्या. एका ठिकाणी ‘सौ.’ होतं, नुसतंच. ग्रंथपाल बाईला हे सहन होईना. फिनिश वहीत मोलकरणीचंही नाव, बापाचं नाव, जन्मगाव सापडतं, असं म्हणत ती मला १७०० च्या सुमाराचं एक पान दाखवू लागली. माझी पणजी चौदा बाळंतपणांतून गेली, तिने ज्वारीच्या दाण्यांवर देवाचं नाव मोजलं, तिची नथ माझ्या मुलीकडे आहे. सासरचं नाव राधाबाई. माहेरचं नाव, माहेरचं गाव, बापाचं नाव? मी तिथूनच मिरजेला भावाला फोन लावला. एस्पोत साडेसात, मिरजेत अकरा.

“पणजीचं माहेर?” तो झोपेत म्हणाला. “तुला बाटवली की काय तिकडे?”

“नाव सांग.”

“मला कुठलं माहीत असायला. इचलकरंजीच्या आत्याला असेल. पण तिला साडेआठच्या आत करू नको, पूजेत असते.”

बाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून बोटांवर हिशेब केला आणि कागदावर माझ्यासाठी लिहून ठेवलं: गुरुवार, पहाटे पाच, आत्या.