कागद शेवटी का ठरतो?

दिवाळी अंकाच्या धावपळीत कागदाचा विषय निघतो तो अगदी शेवटी. कथा हातात येतात, जाहिराती जमतात, पानं लागतात आणि मग संपादक छापखान्यात फोन करतात, 'कागद कुठला घालूया?' आर्ट पेपर किंवा नेहमीचा मॅपलिथो घ्यायचा असेल तर हे खपून जातं. रद्दीतून पुन्हा घडवलेला, वर लेप नसलेला चांगला कागद हवा असेल, तर मात्र तो पानं लावायच्या आधी ठरायला हवा. टाइप, फोटो, शाई, बांधणी, सगळंच त्याच्यावर अवलंबून असतं.

बिनलेपाचा कागद मुंबईच्या गिरगावाला, मराठी छपाईच्या या जुन्या पेठेला, नवा नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढलं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ चा. पुढे खटाववाडीतल्या मौज प्रिंटिंग ब्यूरोनं नेटक्या छपाईची सवय मराठी वाचकाला लावली. मजकूर साध्या कागदावर आणि रंगीत चित्र असलंच तर गुळगुळीत कागदावर वेगळं छापून मध्ये घातलेलं, अशी पद्धत होती. ती मला आजही शहाणपणाची वाटते. जाहिरातदाराला चकाकी लागतेच, मग त्याचा फॉर्म, म्हणजे एका शीटवर बसणारी पानं, आर्ट पेपरवर घ्यावा. त्याच्यासाठी दोनशे पानं चकचकीत करून वाचकाच्या डोळ्यांवर तिरीप का मारायची?

'रद्दीचा कागद, मग महाग कसा?' हा प्रश्न कागदाच्या दुकानात नेहमी ऐकू येतो. मुंबईची पस्ती निवडून, गाठोडी बांधून वापीसारख्या ठिकाणच्या गिरण्यांत जाते. तिचा बहुतेक भाग पुठ्ठा आणि खाकी कागद होऊन परत येतो, कारण त्यात रंगाचं फारसं बिघडत नाही. छपाईचा उजळ कागद करायचा तर आधी जुनी शाई काढावी लागते. पातळ लगद्यात हवेचे बुडबुडे सोडतात, शाईचे कण त्यांना चिकटून वर येतात आणि तो काळा फेस काढून टाकतात. शिवाय दर फेरीत तंतू आखूड होतात. साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर ते एकमेकांना धरत नाहीत. नुसती स्वस्ताई बघून घेतलेला असा कागद घडीवर फाटतो आणि मशीनवर धूळ सोडतो. ती धूळ ब्लँकेटवर, म्हणजे मशीनच्या रबरी पट्ट्यावर, बसली की छपाईत पांढरे ठिपके येतात आणि मशीनमन दर थोड्या वेळानं मशीन थांबवून पुसत बसतो.

खरेदी करताना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, रद्दी कुठली? लोकांनी वापरून टाकलेली, की छापखान्याच्या कटिंगमधून गेलेली कोरी पट्टी? एफएससी या वनप्रमाणन संस्थेच्या 'रिसायकल्ड' खुणेत दोन्ही चालतात, त्यामुळे टक्केवारी वेगळी मागावी. दुसरी, सगळा माल एकाच लॉटचा आहे का? या कागदाची छटा लॉटगणिक हलते आणि ती बांधलेल्या अंकाच्या कडेला पट्ट्यापट्ट्यांनी दिसते. म्हणून हिशोब आधीच करावा. २० बाय ३० इंची शीटमध्ये क्राउन चतुर्थांशाची १६ पानं बसतात. २०८ पानांचा अंक म्हणजे १३ फॉर्म. हजार प्रतींना १३ हजार शीट, म्हणजे २६ रीम, वेस्टेज वेगळं. इंचांतली लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) भागिले ३१०० हे रीमचं किलोतलं वजन. ७० जीएसएमला सुमारे ३५२ किलो होतात, ८० ला ४०३. या पन्नास किलोंवर काटकसर करू नये. पातळ कागदावर मागच्या पानाचा मजकूर आरपार दिसतो. नमुना उजेडाकडे धरून बघावा, पण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको, बाहेर दिवसाच्या उजेडात.

खरी मेहनत छपाईच्या आधीची. लेप नसल्यानं शाई आत मुरते आणि प्रत्येक ठिपका फुगतो. स्क्रीनवर सुंदर दिसणारा फोटो इथे काळवंडतो. म्हणून फोटो मधल्या छटांत उघडून घ्यावे लागतात, बिनलेपाच्या कागदाचं प्रोफाइल लावावं लागतं, चार रंगांच्या शाईची बेरीज ३०० टक्क्यांच्या बरीच खाली ठेवावी लागते. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. क्ष, ज्ञ, ष, भ यांच्या पोटातली मोकळी जागा भरते, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. टाइप अर्धा पॉइंट वाढवावा, वजन एका पायरीनं हलकं घ्यावं, आणि काळ्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं टाकायचा मोह सरळ सोडावा. एक पान त्याच कागदावर छापून बघितल्याशिवाय बाकी पानं लावू नयेत. डिजिटल प्रूफ गुळगुळीत कागदावर काढून 'ओके' सही घेण्याची रीत आहे, तिला काही अर्थ नाही.

आणखी एक अडचण मुंबईची खास. दिवाळी अंक छापायला जातो तो श्रावण-भाद्रपदात, हवा ओलीचिंब असताना. लोअर परळच्या छापखान्यांच्या गाळ्यांत रीम उघडून ठेवली की संध्याकाळपर्यंत कडा लाटेसारख्या होतात आणि चार रंग एकावर एक बसत नाहीत. वेष्टण मशीनशेजारीच आणि लागेल तेवढंच फोडावं. छापलेल्या शीटची थप्पी कमी उंचीची ठेवावी, नाहीतर शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते. वाळायला एखादा दिवस जास्त द्यावा लागतो, आणि तेवढ्यात गणपती आलेले असतात. लालबाग-परळात त्या दहा दिवसांत टेंपो वेळेवर पोहोचेल या भरवशावर कुणी तारीख देऊ नये.

मुखपृष्ठासाठी हातकागदाचा विचार होतो. पुण्यात के. बी. जोशींनी १९४० मध्ये उभ्या केलेल्या हातकागद संस्थेची परंपरा सुती चिंध्यांची. तो तंतू लांब, त्यामुळे कागद दणकट. पण जाडी जागोजागी बदलते, म्हणून ऑफसेटपेक्षा स्क्रीन प्रिंटिंग, खिळ्याची छपाई किंवा नुसता ठसा त्याला शोभतो. गिरगावातल्या कांदेवाडीतले लग्नपत्रिकावाले हे नीट ओळखून आहेत. बिया घातलेल्या पत्रिकाही आता मिळतात. त्या उगवतात की नाही हे बघायला नवरा-नवरीला सवड कुठली!

बांधणीत कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, अंकाच्या कण्याला समांतर हवा. शीटच्या दोन दिशांना दोन पट्ट्या कापून ओल्या केल्या की कळतं, ग्रेनला आडवी कापलेली पट्टी जास्त लांबते. ग्रेन चुकला तर अंक उघडा राहत नाही, पानं ताठ उभी राहतात आणि परफेक्ट बायंडिंगचा गोंद सुटतो. जाडजूड अंकाला जुजबंदीच, म्हणजे दोऱ्यानं शिवलेली बांधणीच, करावी. तिचा खर्च टाळणारे संपादक पुढच्या वर्षी सुटी पानं घेऊन आलेल्या वर्गणीदारांना तोंड देत बसतात.