देहातील घड्याळ आणि घरातील घडण

गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. पणजीचे पालिका उद्यान त्याच्याच नावाने ओळखले जाते. चिंचेची पाने रात्री मिटतात, ही गोष्ट त्याने त्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. पाने सूर्याकडे पाहून मिटतात की आतल्या एखाद्या प्रेरणेने, हे पडताळण्यासाठी १७२९ साली द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचे झाड अंधारात ठेवले. ऊन नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत राहिली.

मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला जैविक लय आणि लिंगभावाचा विकास हे दोन विषय वेगवेगळे वाटतात. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: माणसाला देह काय देतो आणि भोवताल काय घडवतो? सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींवर या दोन्ही शक्ती त्याच वयात काम करत असतात. त्यामुळे हे धडे त्यांच्या रोजच्या जगण्याशी थेट जोडलेले आहेत.

आधी लयीचा विचार करू. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदस्थानाच्या किंचित वर सुमारे २० हजार चेतापेशींचा एक पुंजका असतो. हेच देहातील मुख्य घड्याळ. त्याचे आवर्तन चोवीस तासांहून किंचित मोठे असते आणि सकाळचा उजेड ते रोज जुळवून घेतो. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळाविना दोन महिने गुहेत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा दिवसांचा हिशेब जवळजवळ पंचवीस दिवसांनी मागे पडला होता. पण झोप आणि जाग यांचे चक्र मात्र साधारण एका दिवसाच्याच मापाने चालत राहिले होते. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी अशाच एकांतकक्षात माणसाच्या लयींचा अभ्यास केला.

पौगंडावस्थेत हे घड्याळ पुढे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते आणि झोपेची वेळ दोन तासांपर्यंत लांबते. मुली लवकर वयात येतात, म्हणून हा बदल त्यांच्यात आधी दिसतो. हातातील मोबाइल त्यात भर घालतो, परंतु मूळ कारण देहातच आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत, अशी शिफारस केली ती याच कारणाने.

आपल्याकडे या अडचणीला भूगोलाचीही जोड आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आलेल्या इंदूर परिसरातील सांवेरला सूर्य या वेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असतो. पणजीला सुमारे ३५ मिनिटे. म्हणजे पणजीत साडेसातला वाजणारी शाळेची घंटा सूर्याच्या हिशेबाने सात वाजण्यापूर्वीच वाजते. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नये असा आदेश काढला, तो पूर्वप्राथमिक ते चौथीच्या वर्गांसाठी. ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकते, ती मोठी मुले त्यातून वगळली गेली.

आता लिंगभाव. कोलबर्गच्या मांडणीनुसार मूल दोन-तीन वर्षांचे असताना स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागते आणि सहा-सात वर्षांपर्यंत ही ओळख कपड्या-केसांनी बदलत नाही हे त्याला उमजते. बांडुराने अनुकरणावर आणि शाबासकीवर भर दिला. कॅनडात मात्र एका मुलाला शस्त्रक्रियेतील अपघातानंतर मुलगी म्हणून वाढवण्यात आले आणि पौगंडावस्थेत त्याने ती ओळख नाकारली. केवळ संगोपनाने ओळख घडवता येत नाही, असा या प्रकरणाचा अर्थ लावला जातो. परंतु ओळख आणि भूमिका या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वयंपाकघर कोणी सांभाळायचे, हे कोणत्याही संप्रेरकाने ठरवलेले नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात असे आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा होता. जैविक लय आणि लिंगभाव इथे पहाटेच्या चुलीपाशी एकत्र येतात. ज्या घरात मुलीला आईच्या मदतीसाठी भावाआधी उठावे लागते, तिथे तिची झोप देहाने नव्हे, रीतीने कापलेली असते.

हे वर्गात मोकळेपणाने शिकवण्याची परंपरा मराठीला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. तरीही २००७ साली महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षण थांबवले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पण २०२१ साली एनसीईआरटीने पारलिंगी मुलांविषयी तयार केलेली शिक्षकांसाठीची पुस्तिका आक्षेपांनंतर संकेतस्थळावरून हटवली गेली. शिक्षक गप्प राहिले, तर मूल उत्तर मोबाइलवर शोधते आणि तिथे खरे-खोटे निवडून देणारे कोणी नसते.

शिक्षकांना एक साधा प्रकल्प घेता येईल. विद्यार्थ्यांनी दोन आठवडे झोपण्या-उठण्याच्या वेळा आणि सकाळी केलेली घरकामे नाव न लिहिता नोंदवावीत. मग सुट्टीचे आणि शाळेचे दिवस, मुलगे आणि मुली अशी तुलना करावी. एका वर्गाच्या नोंदींवरून साऱ्या समाजाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हेही त्यातच शिकवावे. कोणाच्याही लिंगओळखीची चौकशी मात्र वर्गात करू नये. आणि पालकांनी, सकाळी न उठणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी, घरात सर्वांत आधी कोण उठते आणि का, हे एकदा पाहावे.