‘सीपीयू गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

२०२४ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. वसुबारस आठ दिवसांवर आली होती. डोंबिवलीच्या आमच्या बिऱ्हाडात हे आठ दिवस म्हणजे लगीनघाईच; कारण आमची सौ. गेली पंधरा वर्षे ओळखीच्या साठ घरांना फराळ करून देते. कोणाची चकली तिखट, कोणाच्या लाडवाला साखर कमी, कोणाचा डबा मुलाकडे लंडनला जायचा, कोणत्या आजींना शेंगदाणे वर्ज्य, ही सारी टिपणे ती स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या जुन्या संगणकात लिहून ठेवते. संगणक २००९ साली घेतलेला. तिचे काम त्याच्यावर सुरळीत चालते, म्हणून तो भंगारात गेलेला नाही.

त्या सकाळी तिने बटण दाबले. मॉनिटरवर पांढरी अक्षरे उमटली : ‘सीपीयू फॅन एरर! प्रेस एफ-वन टू रिझ्यूम.’ तिने एफ-वन दाबले. संगणक सुरू झाला, यादी उघडली आणि पाचच मिनिटांत सारे एकदम बंद पडले.

“अहो, सीपीयू गेला वाटतं!” ती स्वयंपाकघरातून ओरडली.

दुरुस्तीला एक गृहस्थ आले. त्यांनी मॉनिटरकडे पाहिले, झाकण मात्र उघडले नाही. “प्रोसेसर गेलाय काका. इतक्या जुन्याला खर्च कशाला करता? नवीन घ्या.” आतल्या याद्यांचे काय, असे विचारल्यावर म्हणाले, “बघू, निघाल्या तर निघाल्या.” नवा संगणक घ्यायला माझी ना नव्हती, पण साठ घरांच्या पंधरा वर्षांच्या आवडीनिवडी नव्या डब्यात कोण भरून देणार? याद्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. तो दोष अर्थातच आमचा.

एका नावाचे दोन धनी

वाचकहो, आपल्याकडे या बाबतीत एक गंमत आहे. टेबलाखाली असतो तो अख्खा उभा डबा, त्याला आपण ‘सीपीयू’ म्हणतो. वास्तविक तो नुसता कॅबिनेट. सीपीयू किंवा प्रोसेसर म्हणजे आत मदरबोर्डवर बसवलेली, बिस्किटाहून लहान अशी चौकोनी चकती. त्यामुळे मॉनिटरवर ‘सीपीयू’ आणि ‘एरर’ हे दोन शब्द जवळजवळ दिसले, की घरातल्यांना वाटते, सगळा डबाच निकामी झाला! आमच्या बाबतीत तर त्या दोन शब्दांच्या मध्ये ‘फॅन’ हा तिसरा शब्द होता. तक्रार पंख्याची होती आणि आम्ही सुतक धरले होते प्रोसेसरचे.

मेलेला बोलत नाही

माझी उमेदीची वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ज्या लाइनीवरून तक्रार ऐकू येते ती लाइन तुटलेली नसते, हे मी तिथे शिकलो. संगणकालाही हाच न्याय लागतो.

बटण दाबताच पहिला जागा होतो तो प्रोसेसर. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये बायॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम कायमचा साठवलेला असतो. प्रोसेसर त्यातील सूचना क्रमाने वाचतो आणि रॅम, कीबोर्ड, डिस्क, पंखे यांची हजेरी घेतो. या हजेरीची पद्धत १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्येही होती. हजेरीत कोणी गैरहजर आढळला, तर मॉनिटरवर तशी ओळ उमटते. म्हणजे ती ओळ लिहून घेणारा प्रोसेसरच! तो खरोखर संपला असता तर ओळ उमटलीच नसती, मॉनिटर काळाच राहिला असता.

उलट, प्रोसेसरमध्येच खोट असली तर तो मुकाट्यानेही चुकू शकतो. १९९४ साली अमेरिकेत व्हर्जिनियातील एका कॉलेजात थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांचा अभ्यास करीत होते. त्यांच्या ध्यानात आले, की इंटेलचा नवा पेंटियम प्रोसेसर काही ठरावीक भागाकारांत चुकतो. मॉनिटरवर कसलीही सूचना नाही, फक्त उत्तर चुकीचे! पुढे ज्यांनी मागितला त्यांना इंटेलने प्रोसेसर बदलून दिला आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा बोजा सोसला.

तक्रारींच्या जाती

तेव्हा घाबरू नये. मोबाइलवर त्या ओळीचा फोटो काढावा आणि ती शब्दन् शब्द वाचावी. प्रोसेसरचे नाव घेऊन येणाऱ्या तक्रारी बहुधा तीन जातींच्या असतात.

पहिली, पंख्याची किंवा तापमानाची. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा हीट सिंक आणि त्यावर पंखा असतो. पंख्याच्या वायरींपैकी एक वायर त्याच्या फेऱ्यांची खबर मदरबोर्डला देत असते. फेरे ठरावीक मर्यादेखाली गेले, की ओळ उमटते. पंख्याची पिन भलत्या जागी खोचली असली, तरी हीच ओळ येते.

दुसरी, ‘सीपीयू बदलला आहे’ किंवा ‘चेकसम एरर’ अशा अर्थाची. सोबत तारीखही कित्येक वर्षे मागे गेलेली. इथे मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलेला असतो. त्याच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. हा सेल ३ व्होल्टचा असतो. तो बदलावा, सेटअपमध्ये जाऊन मूळ मांडणी व तारीख भरावी आणि ‘सेव्ह’ करून बाहेर पडावे.

तिसरी, प्रोसेसरची ओळख न पटल्याची; तीत ‘अननोन’ किंवा ‘मायक्रोकोड’ असा शब्द असतो. कोणी हौसेने जुन्या मदरबोर्डवर नंतरच्या काळातला प्रोसेसर बसवला, की असे होते. जुन्या बायॉसला नवा पाहुणा माहीत नसतो. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी पुढचा बायॉस काढला असेल तर तो घालता येतो. मात्र ते काम चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच बाद व्हायचा. म्हणून ते जाणकाराकडूनच करून घ्यावे.

आणि अक्षरेच उमटली नाहीत तर? तरीही एकदम प्रोसेसरवर आळ घेऊ नये. रॅमची पट्टी काढून, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवावी. मदरबोर्डवरचे उभे कपॅसिटर डोक्यावर फुगले आहेत का, ते पाहावे. वीज पुरवणारा एसएमपीएस दुकानातून तपासून घ्यावा. तो घरी कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यात धक्का देण्याइतकी वीज राहते.

चकलीची करामत

मी प्लग काढला, उरलीसुरली वीज जावी म्हणून बटण दहा सेकंद दाबून धरले, कॅबिनेटच्या धातूला हात लावला आणि बाजूचे झाकण उघडले. आतले दृश्य पाहून सौ.ने तोंडावर पदरच घेतला. हीट सिंकच्या पात्यांवर करड्या रंगाचा नमदा बसला होता, आणि तो चिकट होता. पंधरा दिवाळ्यांच्या तळणाची वाफ पंख्याने इमानेइतबारे आत ओढली होती आणि तीवर धूळ साचत गेली होती. बिचारा पंखा कसाबसा फिरत होता. पाच मिनिटांत प्रोसेसर तापे आणि जळून जाण्याआधी स्वतःच सारे बंद करी, घरातला एमसीबी पडतो तसे. म्हणजे बंद पडण्यात त्याचा शहाणपणाच होता.

“ही अक्षरं यापूर्वी कधी आली नव्हती?” मी विचारले. चिरंजीव खाली मान घालून म्हणाले, “महिनाभर येताहेत बाबा. मी एफ-वन दाबायचो.” एफ-वन म्हणजे ‘तक्रार ऐकली, पुढे चल’ एवढेच, तो काही इलाज नव्हे.

पंख्याचे पाते बोटाने धरून कोरड्या ब्रशने धूळ काढली, चिकटा कापसाने पुसला. पुन्हा सुरू केला, तर अक्षरे नाहीत! पहिले काम केले ते याद्या पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचे, तेही दोन पेनड्राइव्हवर. दोन दिवसांनी पंखा पुन्हा रेंगाळला. त्याचे बेअरिंगच झिजले होते. फराळाच्या एका डब्याहून कमी किमतीत नवा पंखा आला. हीट सिंकखालची वाळलेली थर्मल पेस्ट जाणकाराने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, आणि काम फत्ते झाले. साठही डबे वेळेवर गेले, लंडनचासुद्धा.

दिवाळी झाल्यावर सौ.ने संगणक स्वयंपाकघरापासून दूर, बाहेरच्या खोलीत हलवला. त्यासाठी माझे पुस्तकांचे कपाट गॅलरीत गेले. ही तक्रार मात्र अद्याप कोणत्याही मॉनिटरवर उमटलेली नाही. असो!