जहाजे जिना चढतात!

अटलांटिक महासागरातून निघालेले मालवाहू जहाज सुमारे ३,७०० किलोमीटर आत, उत्तर अमेरिका खंडाच्या मध्यभागी असलेल्या डुलुथ बंदरात पोहोचते. हे बंदर सुपीरिअर सरोवराच्या काठी आहे आणि सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर उंच आहे! एवढे अवजड जहाज इतके वर चढते तरी कसे?

नकाशा उघडून पाहा. सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑंटारिओ ही पाच महासरोवरे एकमेकांना जोडलेली आहेत. त्यांचे पाणी शेवटी सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिकला मिळते. मात्र ईरी आणि ऑंटारिओ यांच्या पातळीत सुमारे १०० मीटरचा फरक आहे आणि मध्ये नायगाराचा धबधबा आहे. त्याला वळसा घालणारा पहिला वेलँड कालवा १८२९ मध्ये सुरू झाला. आजचा चौथा कालवा १९३२ चा आहे. सेंट लॉरेन्स नदीवरील काम १९५९ मध्ये पूर्ण झाले आणि मोठी सागरी जहाजे आत येऊ लागली. या मार्गावर डुलुथपर्यंत १६ जलपाश, म्हणजेच लॉक, आहेत.

जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला प्रचंड हौद. जहाज खालच्या बाजूने आत येते. मागचा दरवाजा बंद होतो. वरच्या बाजूच्या झडपा उघडल्या की पाणी उतारामुळे आपोआप आत येते; पंप लागत नाही. पाण्याबरोबर जहाज वर येते, पुढचा दरवाजा उघडतो आणि जहाज एक पायरी चढते. वेलँडच्या एका मोठ्या जलपाशात सुमारे ९ कोटी लिटर पाणी मावते. गंमत अशी, की जहाज जड असो वा हलके, ते वर उचलण्यासाठी वरून तेवढेच पाणी घ्यावे लागते! कारण विचारात घ्यायचे ते हौदाचे क्षेत्रफळ आणि पातळीतील फरक. जहाजाचे वजन नव्हे.

या जिन्यावरून धान्य उतरते, लोहखनिज जाते, यंत्रसामग्री येते. परंतु दार उघडले की फक्त पाहुणेच येतात असे नाही. नायगाराचा धबधबा जलचरांना अडवणारी नैसर्गिक भिंत होता. कालव्याने त्या भिंतीला वाट पाडली. इतर माशांना चिकटून त्यांचे रक्त शोषणारा, जबडा नसलेला लॅम्प्री हा मासा १९२१ मध्ये ईरी सरोवरात आढळला. पुढे तो वरच्या सरोवरांत पसरला आणि तेथील ट्राउट माशांची, पर्यायाने कोळ्यांच्या धंद्याची, मोठी हानी झाली. शास्त्रज्ञांनी लॅम्प्रीची पिल्ले मारणारे रसायन शोधले, तेव्हा कुठे त्याला आवर बसला. ते काम आजही चालूच ठेवावे लागते.

१९८८ मध्ये झेब्रा शिंपले आढळले. रिकामे जहाज तोल साधण्यासाठी पोटात पाणी भरून घेते. युरोपातील अशा पाण्यातून हे शिंपले आले आणि त्यांनी पाणीपुरवठ्याचे नळ तुंबवले. आता बाहेरून येणाऱ्या जहाजांना आपल्या टाक्या भर समुद्रात खाऱ्या पाण्याने धुवाव्या लागतात. गोड्या पाण्यातील बहुतेक जीव खारटपणाने मरतात.

हा उपाय साधा आहे, पण तो सुचेपर्यंत शिंपले पसरले होते. मग नवा कालवा खणताना अभियंत्याशेजारी जीवशास्त्रज्ञही बसायला हवा, असे तुम्हांला वाटत नाही का?